दहा जणींची जबानी

आमचे एक विद्वान स्नेही आहेत. त्यांच्या वाचनाचा आवाका आम्हांला नेहमीच हेवा वाटावा असा, आणि त्यांच्या उत्साहाचा वेग आम्हांला नेहमीच धास्ती वाटावी असा. गेल्या काही महिन्यांपासून त्यांचे असे ठाम मत झाले आहे की, ज्या मनोविकारात ऐन तारुण्यातल्या मुली, आणि काही मुलगेही, अन्नाकडे पाठ फिरवून घरच्यांच्या डोळ्यांदेखत झिजत जातात, त्या ॲनोरेक्सिया नर्व्होसा नामक व्याधीवर सायलोसायबिन या अळिंबीतील द्रव्याची एकच मात्रा रामबाण ठरते. त्यांच्या मते हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे. आणि केवळ सरकारी दप्तरांच्या दिरंगाईपायी जग त्या इलाजास मुकले आहे. इतकेच असते तर आम्ही हा लेख लिहिण्याच्या भरीस पडलो नसतो, कारण मित्राच्या मतांचा दरवेळी जाहीर समाचार घेणे शिष्टसंमत नव्हे. परंतु परवा त्यांनी, ज्यांच्या घरी 22 वर्षांची मुलगी या दुखण्याने अर्धी झाली आहे अशा एका परिचित कुटुंबास, मुलीला घेऊन सरळ नेदरलँड्सला जाण्याचा सल्ला दिला. त्या देशाने 2008 साली मादक अळिंब्यांवर बंदी घातली, पण त्याच बुरशीच्या जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी, ज्यांना तिकडे ट्रफल म्हणतात, त्या बंदीतून सुटल्या, आणि आज त्यांच्या आधारावर तेथे निवासी शिबिरे राजरोस चालतात. सल्ला जेव्हा तिकिटापर्यंत पोहोचतो तेव्हा मौन हा शिष्टाचार उरत नाही.

पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा करून मांडावा आणि मग तो लीलया खोडून काढावा ही वादाची रीत आम्हांला मान्य नाही. म्हणून स्नेह्यांच्या बाजूने जे जे बळकट आहे ते आम्ही प्रथम बिनतक्रार कबूल करतो. हा आजार नखरा नव्हे, वयाचे खूळ नव्हे, श्रीमंती चोचला तर मुळीच नव्हे. अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद करणारी जी पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली तिच्याप्रमाणे या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण समवयस्कांच्या जवळजवळ सहापट भरते, आणि मरणाऱ्या पाचांपैकी एक जण आत्महत्येने जातो. अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्याने बुलिमियासाठी एक औषध मंजूर केले आहे, अतिभक्षणाच्या विकारासाठी एक केले आहे. ॲनोरेक्सियासाठी अद्याप एकही नाही. मुले लहान असतील तर आईबापांनाच शुश्रूषेचे मुखत्यार नेमून, जेवणाची जबाबदारी त्यांच्या हाती देण्याची जी पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकारास आली, आणि जिचा पहिला भरभक्कम दाखला 1987 साली मिळाला, ती खरोखर गुणकारी आहे: 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 121 मुलांच्या अमेरिकन चाचणीत, उपचार संपल्यावर वर्षभराने या पद्धतीने पूर्ण बरे झालेले 49 टक्के होते, तर मुलाशी एकट्यानेच बोलण्याच्या पद्धतीने बरे झालेले 23 टक्के. पण मुलगी अठराची झाली, वसतिगृहात गेली, कायद्याने स्वतःची धनी झाली, की हे साधन हातातून निसटते. आणि प्रौढांसाठी तितके धारदार दुसरे शस्त्र वैद्यकशास्त्रापाशी नाही. जर्मनीत 242 प्रौढ स्त्रियांवर तीन निरनिराळ्या उपचारपद्धतींची तुलना झाली आणि 2014 साली निकाल लागला तो असा की वजनाच्या बाबतीत तिन्हींत फारसा फरक नाही. तेव्हा विशीतल्या रुग्णांसाठी नवा मार्ग हवा, ही स्नेह्यांची तळमळ रास्त आहे. आमचा तंटा तळमळीशी नाही, पुराव्याशी आहे.

तो पुरावा असा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत, जेथे आहारविकारांवर दीर्घकाळ काम चालले आहे, दहा स्त्रियांना 25 मिलिग्रॅम कृत्रिम सायलोसायबिनची एकेक मात्रा, आधी पूर्वतयारीच्या आणि नंतर समुपदेशनाच्या बैठका घेऊन, देण्यात आली, आणि त्याची हकिकत 2023 साली 'नेचर मेडिसिन' या मासिकात छापून आली. खर्च हे औषध बनविणाऱ्या कंपनीचा होता. तो दोष नव्हे, पण नोंद घेण्याजोगी बाब खास आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आपल्याला काय दिले जात आहे हे देणाऱ्यास आणि घेणारीस, दोघांसही ठाऊक होते. आणि मूळ प्रश्न गुण येतो की नाही हा नव्हताच, तर अशा कृश देहांना हे द्रव्य झेपते की नाही, एवढाच होता. झेपले. गंभीर अपाय कोणास झाला नाही. दोघींच्या रक्तातील साखर खाली गेली ती चोवीस तासांत पूर्ववत झाली. दहापैकी चार जणींच्या विकाराची लक्षणे तीन महिन्यांनी मोजली तेव्हा ती सर्वसाधारण स्त्रियांच्या जवळपास आली होती. दहापैकी नऊ जणींनी आयुष्याकडे आपण अधिक आशेने पाहू लागलो असे सांगितले. आणि उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, त्यात गटाचा म्हणून काही दखलपात्र फरक पडला नाही.

संशोधकांनी हे सारे प्रामाणिकपणे लिहिले आहे, आणि निरनिराळ्या स्त्रियांत परिणाम फार निरनिराळे आढळले हेही लपविलेले नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आणि बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्येही हाच प्रश्न धीमेपणाने हाताळला जात आहे. रामबाण हा शब्द त्यांच्यापैकी कोणाचा नव्हे. तो आमच्या स्नेह्यांचा आहे, आणि त्यांच्यासारख्या हजारो उत्साही वाचकांचा, जे शास्त्रज्ञाच्या 'कदाचित'चे वाटेत कोठेतरी 'निश्चित' करून टाकतात.

लहान चाचणी आणि मोठी आशा यांच्यामधले अंतर किती असते हे पाहायला दूर जायला नको. सॅन डिएगोच्याच प्रबंधाच्या लेखकांत ज्यांचे नाव आहे, ते डॉक्टर वॉल्टर के, त्यांच्याच चरित्रात ते सापडते. त्याच्या कितीतरी आधी, पिट्सबर्ग येथे असताना, त्यांनी वजन भरून आलेल्या 35 रुग्णांवर फ्लुओक्सेटिन या औषधाची चाचणी घेतली होती. आणि ती चाचणी सॅन डिएगोच्या चाचणीपेक्षा किती तरी अधिक काटेकोर होती, कारण खरी गोळी कोणाला आणि नकली कोणाला हे गुप्त राखले होते. 2001 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की खऱ्या गोळीवर 16 पैकी 10 जण वर्षभर टिकून राहिले, नकलीवर 19 पैकी अवघे 3. कोणालाही वाटावे की प्रश्न मिटला! पुढे न्यूयॉर्क आणि टोरांटो येथे 93 रुग्णांवर तीच परीक्षा पुन्हा झाली आणि 2006 साली तिचा निकाल आला: वर्षअखेर वजन राखून चाचणीत टिकलेले, खऱ्या गोळीवर 26.5 टक्के, नकलीवर 31.5 टक्के. म्हणजे पहिल्या चाचणीची सारी शोभा दुसरीने उतरवून ठेवली. डॉक्टर के यांच्या प्रामाणिकपणावर यत्किंचितही शिंतोडा उडत नाही. लहान संख्येचा स्वभावच असा फसवा असतो. पण 35 जणांच्या, गुप्तता राखलेल्या चाचणीची जर ही गत झाली, तर दहा जणींच्या उघड्या चाचणीवर विसंबून 22 वर्षांच्या मुलीला विमानात बसविणाऱ्यास काय म्हणावे?

या व्याधीच्या इतिहासात असे अरुणोदय पूर्वीही झाले आहेत. 1914 साली हॅम्बुर्गच्या सिमंड्स यांनी मस्तकातील पिट्युटरी ग्रंथी नष्ट झाल्याने देह झिजतो असे दाखविले, आणि पुढची कित्येक वर्षे या बिचाऱ्या मुलींचे दुखणे ग्रंथीचेच मानून त्यांना ग्रंथींचे अर्क देण्यात आले. 1960 साली लंडनमध्ये डॅली आणि सार्जंट या दोघांनी क्लोरप्रोमझिन आणि इन्सुलिन यांची जोडी 'नवा उपचार' म्हणून जाहीर केली; वजने भराभर वाढली; आणि सहा वर्षांनी त्यांनीच मागे वळून पाहिले तेव्हा दीर्घकाळाच्या हिशेबात तो लाभ टिकलेला दिसला नाही. सायलोसायबिनसारख्या सायकेडेलिक द्रव्यांच्या गोटातही असा एक उद्बोधक प्रसंग आहे. टिमथी लिअरी यांनी साठच्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड तुरुंगातील कैद्यांना सायलोसायबिन देऊन, सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे त्यांचे प्रमाण घटल्याचा डांगोरा पिटला होता. तो हिशेब चुकीचा होता हे 1998 साली दाखवून दिले ते कोणा विरोधकाने नव्हे, तर या द्रव्यांचे आजन्म पुरस्कर्ते रिक डॉब्लिन यांनी. आमच्या स्नेह्यांनी त्यांच्याच पक्षातल्या या गृहस्थाचा कित्ता गिरवावा.

परंतु संख्येचा हा आक्षेप कोणत्याही औषधावर घेता येईल. आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो या व्याधीचा आणि या द्रव्याचा जो विलक्षण योग जुळून आला आहे त्यावर आहे.

ॲनोरेक्सिया हे नावच मुळात फसवे. क्षुधा नष्ट होणे असा त्याचा अर्थ. आणि क्षुधा तर नष्ट झालेली नसते, ती आत रात्रंदिवस धुमसत असते. लंडनच्या सर विल्यम गल यांनी हे नाव रूढ केले, त्याच सुमारास, 1873 साली, पॅरिसच्या लासेग यांनी याच विकाराचे जे वर्णन केले त्यात एक निरीक्षण असे आहे की आजही कोणत्याही रुग्णाच्या आईने ते वाचले तर तिच्या अंगावर काटा येईल: रुग्ण आपल्या स्थितीवर संतुष्ट असते, मला काही दुखत नाही, त्याअर्थी मी बरीच आहे, असे ती शांतपणे सांगते. या आजाराचे मर्म येथे आहे. तो पीडा देतो तशी एक प्रतीतीही देतो: संयमाची, शुद्धतेची, चारचौघांहून एक पायरी वर उभे असल्याची, आपल्याला जे कळले ते या खाणाऱ्यापिणाऱ्या जगाला कळलेले नाही याची. आई रडते, डॉक्टर आकडे दाखवितात, आणि मुलगी हाडांवरची कातडी चिमटीत धरून निःशंकपणे सांगते की येथे अजून चरबी आहे. निश्चय हेच तिथे लक्षण आहे.

आणि सायलोसायबिन काय देते? विल्यम जेम्स यांनी 1902 साली गूढानुभवांचे विवेचन करताना त्यांचे एक लक्षण असे सांगितले की, त्या अवस्थेत मनुष्यास केवळ भावना होत नाही, तर आपल्याला ज्ञान झाले असे वाटते, आणि ते ज्ञान युक्तिवादाची अपेक्षा करीत नाही. या द्रव्याच्या अनुभवाचेही हेच वैशिष्ट्य मानले जाते. तेव्हा ज्या रोगाचे लक्षण निश्चय आहे, त्या रोगावर निश्चय उत्पन्न करणारे द्रव्य दिले, आणि गुण आला की नाही हे रुग्णाच्या निश्चयालाच विचारले, तर न्यायासनाने आरोपीच्या भावालाच पंच नेमल्यासारखे होईल. मी बदलले आहे, असे ती म्हणेल, आणि मनापासून म्हणेल; पण मी बरी आहे, हेही ती गेली चार वर्षे मनापासूनच म्हणत आली आहे! या एका व्याधीपुरते तरी जबानीला दुय्यम मान देऊन तराजूला, हाडांच्या घनतेला, परत सुरू झालेल्या मासिक पाळीला, ताटात उरलेल्या आणि पोटात गेलेल्या घासांना मुख्य साक्षीदार मानले पाहिजे, आणि ते साक्षीदार सॅन डिएगोत अजून गुणाच्या बाजूने बोललेले नाहीत.

यावर कोणी म्हणेल की दुराग्रहाची गाठ दुसऱ्या प्रबळ अनुभवानेच सुटत असेल, काट्याने काटा निघत असेल. असेल, संशोधकांचा तर्क काहीसा असाच आहे, आणि तो तपासण्याजोगा आहे म्हणून तर चाचण्या चालू राहाव्यात असे आम्ही म्हणतो. पण काटा निघाला हे पाय टेकवून पाहावे लागते.

भूक स्वतः मनाचे काय करते, हे जाणण्यास मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगाइतका बोलका पुरावा दुसरा नाही. 1944 साली, युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार देणाऱ्या 36 निरोगी तरुणांनी ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली 24 आठवडे अर्धपोटी राहणे स्वेच्छेने पत्करले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. हे धडधाकट, विचारी पुरुष पाकशास्त्राची पुस्तके तासन्‌तास वाचू लागले, एकेक घास घोळवत बसले, चिडचिडे आणि उदास झाले, माणसांतून उठले. म्हणजे ज्या मनोवृत्तींना आपण या आजाराचे गूढ मानतो त्यांतल्या पुष्कळशा निव्वळ उपासमारीच्या लेकी आहेत, आणि त्या पुरुषांना त्यांतून बाहेर काढले ते कोणत्याही दर्शनाने नव्हे, महिनोन्‌महिने पोटभर मिळालेल्या अन्नाने. आपल्याकडे याला आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, आणि ती म्हण भक्तीची कुचेष्टा म्हणून वापरली जात असली तरी शारीरशास्त्र म्हणून ती निर्दोष आहे. (एकादशीला साबुदाणा, रताळी आणि शेंगदाण्यांचा जो फडशा पडतो त्यावरून आपल्या पूर्वजांना हे शास्त्र चांगले ठाऊक असावे. एकादशी आणि दुप्पट खाशी असे त्यांनीच म्हणून ठेवले आहे. चिंता करायची ती घरातल्या ज्या मुलीचा उपास खरोखरच उपास असतो, आणि द्वादशीलाही सुटत नाही, तिची.)

स्नेह्यांचा दुसरा युक्तिवाद परंपरेचा आहे, आणि तो आमच्या मते सर्वांत पोकळ. ते म्हणतात, वेदांतला सोम म्हणजे हीच अळिंबी. ऋषींनी जी प्याली ती आमच्या मुलींना वर्ज्य का? सोम अळिंबी होती हे मत गॉर्डन वॉसन या अमेरिकन पेढीच्या अधिकाऱ्याचे. 1968 साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, आणि वेदज्ञांत ते मत कधीच सर्वमान्य झाले नाही. पण ते क्षणभर खरे धरले तरी स्नेह्यांचे हशील काय? वॉसन यांची सोम-अळिंबी ही लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेली ॲमॅनिटा मस्केरिया. तिच्यात सायलोसायबिन नसते, तिचे विष वेगळ्याच जातीचे. सायलोसायबिनशी ज्यांचे खरे पिढीजात नाते आहे ते मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातले माझातेक लोक, आणि त्यांच्यातली जी वैदू स्त्री मारिया साबिना, तिच्या रात्रविधीला वॉसनच 1955 साली बसले होते. 1957 साली 'लाइफ' साप्ताहिकात त्यांचा वृत्तांत आल्यावर तिच्या गावी परदेशी हौश्यागवश्यांची जी रीघ लागली, तिच्यापायी तिला गावचा रोष पत्करावा लागला आणि तिचे घर जाळले गेले. तिची अळिंबी आजाऱ्याचे दुखणे शोधण्यासाठी होती. तिच्याकडे येणारे पाहुणे देव शोधायला येत होते, अशी खंत तिने पुढे बोलून दाखविली. परंपरेचा दाखला देणाऱ्याने परंपरेची ही कैफियतही ऐकावी.

राहता राहिला सरकारी आडमुठेपणाचा आरोप. आपल्या देशात 1985 च्या कायद्याच्या अनुसूचीत सायलोसायबिन आहे हे खरे. पण वैद्यकीय आणि शास्त्रीय प्रयोजनासाठी परवानगीचे दार त्याच कायद्याने उघडे ठेवले आहे. आणि परदेशातील खाती काही डोळे मिटून बसलेली नाहीत: ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना, दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी हे द्रव्य लिहून देण्याची मुभा दिली. नैराश्यात 2022 सालच्या, 233 रुग्णांच्या चाचणीत मोठ्या आणि अत्यल्प मात्रेतला फरक नैराश्याच्या मापनपट्टीवर 6.6 गुणांचा होता. 2025 साली अधिक मोठ्या टप्प्यात, नकली मात्रेशी तुलना करता, तो 3.6 गुणांवर आला. फरक आहे, पण जसजशी परीक्षा कडक होते तसतसा तो आकसतो. अमेरिकेत तर ऑगस्ट 2024 मध्ये याच गोटातल्या एमडीएमए या द्रव्याचा अर्ज औषधनियंत्रकांनी फेटाळला, आणि त्याच महिन्यात एका नियतकालिकाने त्याविषयीचे तीन प्रबंध मागे घेतले, कारण एका चाचणीच्या ठिकाणी उपचारकांकडून रुग्णाशी अनैतिक वर्तन घडले होते. ज्या अवस्थेत मन मेणासारखे मऊ होते त्या अवस्थेत शेजारी कोण बसले आहे, हा प्रश्न कारकुनी नव्हे. सॅन डिएगोत शेजारी प्रशिक्षित माणसे होती, रक्ताची तपासणी होती, हृदयावर लक्ष होते. शिबिरात यांपैकी काय असेल, याची हमी कोण देणार?

म्हणून त्या कुटुंबास आमची हात जोडून विनंती आहे. उपासमारीने पोटॅशियम उतरलेले आणि नाडी मंदावलेले हृदय, रक्तदाब आणि ठोके वाढविणाऱ्या द्रव्याखाली कसे वागेल हे रुग्णालयाबाहेर अजमावू नका. मुलीचे वजन, नाडी, रक्तातील क्षार आणि हृदयाचा आलेख या आठवड्यातच तपासून घ्या. आहारविकारांची माहिती असलेला मनोविकारतज्ज्ञ गाठा, जवळ नसेल तर दूरचा गाठा. ती प्रौढ असली तरी तिच्या संमतीने रोज एका जेवणाला तिच्या शेजारी बसा, आणि ताट संपेपर्यंत उठू नका. परदेशातील एखाद्या विद्यापीठाच्या रीतसर चाचणीत तिला प्रवेश मिळाला, तर जरूर पाठवा. आम्हीच प्रवासखर्चाला हातभार लावू. शिबिराची आगाऊ रक्कम अजून भरली नसेल, तर भरू नका.